मोरपंखी रेक्झिन

आमच्या घरात एक वाक्य कायमचं ठरून गेलं होतं : दादाला गिटार लाभली नाही. आई ते म्हणायची, वडील मान डोलवायचे, गावचे पाहुणे आले की त्यांनाही तेच सांगितलं जायचं. मी तिथेच भिंतीला टेकून बसलेला असायचो. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मी चहा पीत बसायचो.

ती गिटार दादाने स्वतः बनवली होती. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. वडील भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर, आणि दादा पूर्वेला स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. घरात वाद्य म्हणाल तर भजनाचे टाळ. पण एका लग्नात दादाने इलेक्ट्रिक गिटार पाहिली आणि घरी येऊन म्हणाला, "त्यात आहे काय एवढं? लाकूड, तारा आणि रेडिओचं डोकं." ते डोकं त्याच्याकडे होतंच. लोहचुंबकावर तांब्याची केसाएवढी तार गुंडाळून त्याने आवाज पकडणारी डबी केली. मान एका मोडक्या गिटारीची मिळाली. अंगासाठी लाकूड मिळालं राई गावच्या खाडीवर, फुटलेल्या होडीची सागवानी फळी. देणाऱ्या कोळ्याने आधीच बजावलं होतं, "नेतंस तर ने बाबा. पन मीठ प्यालेलं लाकूड हाय. रंग न्हाय धरायचा."

आईला ते अजिबात आवडलं नाही. "फुटक्या होडीची फळी घरात आणतं का कुणी? लाभायची नाही हो."

दादा हसला. कोळ्याचं मात्र खरं झालं. कितीही पॉलिश मारलं तरी दमट हवा आली की लाकूड घामेजायचं, वर पांढरट बुरशीसारखे डाग, मग पापुद्रे. आवाज गोड होता, रूप खरजेचं.

त्याच सुमारास एका ऑर्केस्ट्राच्या मालकाने दादाचं वाजवणं ऐकलं. त्यांचा गिटारवाला सोडून चालला होता. मालक म्हणाले, "वाजवतोस झकास. पण हे काय हातात? जेवायला बसायचा पाट? स्टेजवर चमकलं पाहिजे राव. सजवून आण, मग ट्रायल घेऊ."

दादाने घरी येऊन माझ्याकडे पाहिलं. वरसाव्याला, पुलाजवळ ट्रक थांबायचे तिथे, गाड्यांच्या सीटा बनवण्याच्या दुकानात मी कारागीर होतो. हल्ली त्या मालाला लोक व्हिनाइल म्हणतात. आम्ही सगळ्यालाच रेक्झिन म्हणायचो. एका ट्रकवाल्याच्या केबिनसाठी आलेल्या ताग्याचा तुकडा उरला होता : मोरपंखी, आत चांदीचे बारीक कण. उन्हात धरलं की डोळे दिपायचे.

"हे लावशील?" दादाने विचारलं. दादाने माझ्याकडे काही मागण्याची ती पहिली वेळ.

"लावतो की. नवरीसारखी नटवतो बघ."

"पण चुका मारायच्या नाहीत हां. एकसुद्धा नाही. आत पोकळी कोरलीय, तिची भिंत पातळ आहे. फक्त चिकटवायच्या सोल्यूशनवर बसव."

चूक म्हणजे आमच्या धंद्यातला चपट्या डोक्याचा बारीक खिळा. सीटवर रेक्झिन ताणायचं आणि कडेने चुका ठोकायच्या, हेच माझं काम. दुकानातले आमचे उस्ताद तर म्हणायचे, "सोल्यूशन तो वादा है, चूक मारो तो निकाह है."

मी मन लावून काम केलं. तारा उतरवल्या, लाकूड घासलं, दोन्हीकडे सोल्यूशन लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो. रेक्झिन पत्र्यावर उन्हात तापवून मऊ केलं. गोलाईवर काप देत, अंगठ्याने हवा बाहेर ढकलत बसवत गेलो. आळीतली पोरं बघायला उभी राहिली. पण कमरेच्या वळणाजवळ एका जागी ते धरेना. लाकडातलं मीठ ओल सोडायचं आणि कड वर यायची. दाबली की बसायची, वळलो की उठायची.

ट्रायलच्या दिवशी सकाळी पाहिलं तर कड पुन्हा ओठासारखी उघडलेली. दादा आंघोळीला गेला होता. मी एक चूक घेतली आणि हलक्या हाताने ठोकली. चुकेच्या डोक्यावर रेक्झिनची घडी चिकटवून टाकली. कुणाला कळलं नसतं. दादालाही कळलं नाही. तो गिटार उन्हात फिरवून बघत म्हणाला, "च्यायला, काय काम केलंयस!"

ट्रायल एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मीही बरोबर गेलो होतो. दादाने सुरुवात केली आणि मालकांनी डोळे मिटले. मग त्याने आवाज वाढवायचं बटण फिरवलं. एक खरखर, आणि गप्प. पुन्हा फिरवलं, पुन्हा गप्प. वायर बदलली, स्पीकर बदलला. कुणीतरी मागून बोललं, "सीट मस्त आहे रे, गाडी कुठाय?" सगळे हसले. दादाचे कान लाल झाले. "माझंच वायरिंग चुकलं असेल, साहेब," तो म्हणाला.

मालक मनाने वाईट नव्हते. "पुढच्या रविवारी ये परत. पण वाजणारी आण. आणि हे वरचं काम कुणी केलं? तुझ्या भावाने? शाब्बास रे! आमचा ड्रमसुद्धा मढवून दे."

ती शाबासकी घेऊन मी घरी आलो. लहानपणापासून सगळं कौतुक दादाच्या वाट्याचं. हे माझं होतं. आता लिहायला बसलोच आहे तर तेही लिहून टाकतो.

घरी येऊन दादा न जेवता खाडीकडे निघून गेला. मी गिटारीचं मागचं झाकण उघडलं. घरघर येऊ नये म्हणून त्याने आत तांब्याचा पातळ पत्रा लावला होता. चुकेचं टोक त्या पत्र्यातून आत आलं होतं आणि बटण फिरवलं की त्याची उघडी तार हलून त्या टोकाला टेकत होती. आवाज तिथेच मरत होता. दादाचं वायरिंग आरशासारखं स्वच्छ होतं.

मी पकडीने चूक उपटली. पत्र्याचं भोक नखाने दाबून सपाट केलं. घडी पुन्हा चिकटवली. वाटलं, झालं, निस्तरलं.

संध्याकाळी दादाने गिटार उघडली. वायरिंगचा एकेक टाका तपासला. जोडून बघितली, तर खणखणीत वाजली. आनंद व्हायला हवा होता. तो घाबरला.

"काहीच बिघडलेलं नाही रे," तो मला म्हणाला. "मग बंद का पडली?"

मी म्हणालो, "दमट हवा असेल."

त्या आठवड्यात त्याने ती पुन्हा पुन्हा उघडली. दोष सापडला असता तर त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या, एक थोबाडीत मारली असती, आणि रविवारी तो वाजवायला गेला असता. सापडला नाही, कारण तो मी काढून घेतला होता. कारण न देता बंद पडणारं वाद्य घेऊन स्टेजवर चढायचं कसं? आई म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? फळीच लाभायची नव्हती." दादाने कधी असल्या गोष्टी मानल्या नव्हत्या. त्या शनिवारी तो हसला नाही. सांगायला माझ्याकडे सबंध आठवडा होता. पण सांगितलं असतं तर ते शाब्बासही परत द्यावं लागलं असतं.

रविवारी तो गेला नाही.

गिटार सुटली तेवढ्यावर थांबलं नाही. दुरुस्त झालेला रेडिओही दादा गिऱ्हाइकाला देईना. "अजून एक दिवस राहू दे, बघतो," म्हणायचा. लोक वैतागले, दुकानाचा मालक वैतागला. शेवटी वडिलांनी त्याला आपल्याच कारखान्यात पॉलिशवर लावलं. काही वर्षांत त्याची बोटं काळी पडली, टोकं जाड झाली. ताटं-वाट्या मात्र तो अशा चमकवायचा की मुकादम दुसऱ्यांना दाखवायचा.

वडील गेले त्या वर्षी, सत्तरचं दशक संपता संपता, मला ते पोटात ठेवणं जमेना. दुपारच्या सुट्टीत कारखान्यात गेलो. दादा दारातल्या ओट्यावर डबा उघडून बसला होता. नाकातोंडावर पॉलिशची काजळी. मी सगळं सांगितलं. चूक ठोकली ते, उपटली ते, भोक दाबलं तेही.

तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे वायरिंग बरोबर होतं?"

"बरोबर होतं, दादा."

"पक्कं?"

"मी डोळ्यांनी बघितलं."

तो हसला. किती तरी वर्षांनी तसा हसला. मला वाटलं, सुटलो.

मग त्याने घास डब्यात परत ठेवला. हात पँटला पुसले, उलटसुलट करून पाहिले, आणि माझ्याशी नाही, त्या हातांशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मग मी इथे काय करतोय?"

आत पॉलिशच्या मोटारी सुरू झाल्या. दादाने डब्याचं झाकण लावलं, नाकावर फडकं बांधलं आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.