उजव्या मागच्या दारातली टकटक

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं उत्तर शोधायचे. पाइपमधली हवा असेल, मांजर असेल, झोप नीट झाली नसेल... मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. शिक्षण पुण्यात, आणि नोकरीत रोजचं काम म्हणजे उपकरणांमधला नको तो आवाज शोधून काढणं. आवाज आहे म्हणजे त्याला उगम आहे, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यामुळे हे लिहिताना मला थोडी लाज वाटतेय. पण नवरा म्हणाला, "लिहून टाक एकदा, नाहीतर तू दर आठवड्याला गाडीची दारं उघडत बसशील."

आम्ही नेदरलँड्समध्ये रायस्वाइकला राहतो. मी, नवरा समीर आणि आमची सहा वर्षांची मुलगी इरा. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्येच येतं. समीरला चिखल-वाळूत गाडी घालायचं भारी वेड. या सपाट देशात ऑफ-रोड गाडी घेऊन करणार काय, असं मी शंभरदा विचारलं, तरी मागच्या उन्हाळ्यात त्याने एक जुनी फोर बाय फोर घेतलीच. छप्पर निघणारी, उंच टायरची, पुढच्या बंपरवर विंच... म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर. गाडी दणकट होती, पण तिची साउंड सिस्टिम म्हणजे दिव्य प्रकार. कंपनीने बसवलेले स्पीकर्स कागदी, त्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या. हायवेला लागलं की वाऱ्याच्या आणि टायरच्या आवाजात गाणं म्हणजे नुसती मच्छराची भुणभुण.

"हे माझ्याकडे सोड," मी म्हटलं.

डिसेंबरच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका मित्राची शेड मिळाली आणि मी कामाला लागले. चारही दारांची पॅनल्स उतरवली. आतल्या पत्र्याला आवाज दाबणारी जाड शीट्स रोलर फिरवून चिकटवली. पाण्याला न घाबरणारे नवे स्पीकर्स, ड्रायव्हरच्या सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर, मागे छोटा सबवूफर. सगळ्या वायरी स्वतः ओढल्या, प्रत्येक जोड स्वतः सोल्डर केला. शेवटी पहिल्यांदा तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं... अंगावर काटा आला हो! सुखाचा काटा. समीर तर दार उघडून बाहेरच येईना.

टकटक त्याच संध्याकाळी सुरू झाली.

आम्ही घराखालच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि उजव्या मागच्या दारातून आवाज आला. टक... टक-टक. थोडं थांबून परत टक... काचेवर बोटाचं हाड आपटल्यासारखा. इरा त्याच बाजूला तिच्या सीटवर बसली होती. ती म्हणाली, "आई, एर क्लॉप्ट इमांट." कुणीतरी ठोकतंय.

"कोण ठोकतंय? काय म्हणतेय ही?" समीर म्हणाला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी हसले. नवी शीट्स, थंड पत्रा... आकसताना वाजणारच. दोन दिवसांत बसेल म्हटलं.

बसलं नाही. रोज यायला लागलं. रोज म्हणजे अगदी रोज नाही, पण गाडी थांबली की बरेचदा. मी दार परत उघडलं. स्क्रू, क्लिपा, काच वरखाली करणारी यंत्रणा, सगळं हाताने दाबून पाहिलं. स्पीकर काढून बाहेर ठेवला, तरी आवाज दारातूनच. अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज काढला. शेवटी बॅटरीची वायरच सोडवली. आता गाडीत विजेचा थेंब नव्हता, आणि मी त्या गार सीटवर श्वास रोखून बसले होते... टक. टक-टक.

मग मी माझं हत्यार काढलं. साउंड सिस्टिम ट्यून करायला वापरतात तो मोजणीचा माइक. डासाने पंख हलवले तरी लॅपटॉपवर रेघ उठेल इतका नाजूक. तो सीटवर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. टकटक माझ्या कानांनी स्पष्ट ऐकली. स्क्रीनवरची रेघ मात्र सरळच्या सरळ. बाहेरून गेलेली ट्राम तिच्यावर दिसत होती, माझं गिळणंसुद्धा दिसत होतं. ठोकणं नव्हतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. भूत वगैरे मनात आलं नव्हतं. आयुष्यभर ज्या रेघेवर विश्वास ठेवला ती म्हणत होती, की आवाज नाहीच. मग दोष माझ्यात. मी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. कान तपासले, उत्तम निघाले. बाईंनी इथल्या रिवाजाप्रमाणे पॅरासिटॅमॉल आणि विश्रांती सांगितली.

"तू दमली आहेस," समीर म्हणाला. तो प्रेमानेच म्हणाला, पण मला ते झोंबलं.

"आणि इरा? तीपण दमलीय?"

"ती तुझं बघून म्हणते. मुलं करतात असं."

असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण एकदा शाळेतून येताना सिग्नलला थांबलो, तेव्हा आरशात पाहिलं तर इरा दाराच्या पॅनलवर एका बोटाने हळूच टिचक्या मारत होती. ठोकणाऱ्याला उत्तर दिल्यासारख्या.

"काय करतेस गं?"

"झे इज बांग," ती म्हणाली. ती घाबरलीय.

"कोण ती?"

इराने खांदे उडवले आणि ती परत टिचक्या मारायला लागली.

त्यानंतर मी इराला डाव्या बाजूला बसवायला लागले. स्वयंपाक करताना ओट्यावर काही आपटलं तरी दचकायचे. ती सगळी शीट्स ओरबाडून काढावीत आणि जुने कागदी स्पीकर्स परत बसवावेत, इथपर्यंत माझा विचार गेला होता.

मग संक्रांतीनंतरचा रविवार आला. माझी मैत्रीण गौरी लायडनच्या पुढे राहते, तिच्याकडे हळदीकुंकू होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. मी काठापदराची साडी, वर जाड कोट, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. हायवेवर काम चालू होतं, म्हणून नॅव्हिगेशनने आम्हाला आतल्या रस्त्याला लावलं. पोल्डर म्हणजे पाणी हटवून केलेली सखल शेतजमीन, तिच्यातला रस्ता... एकच गाडी जाईल एवढा, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले चर, त्यांच्या कडेने वाळलेले बोरू. आणि धुकं. पुढच्या झाडापलीकडे काही दिसत नव्हतं.

एका वळणानंतर टकटक सुरू झाली. गाडी चालू असताना ती तोवर कधीच आली नव्हती. आधी हळू, मग जोरात, मग न थांबता... जणू दोन्ही मुठींनी. इराने कानांवर हात ठेवले आणि ती रडायला लागली.

"समीर, गाडी थांबव."

"इथे कुठे थांबवू? दोन्हीकडे पाणी आहे."

"थांबव म्हणते ना!"

मी त्याच्यावर कधी अशी ओरडले नव्हते. पुढे शेतात जायला चरावर छोटा पूल होता, त्याच्या तोंडाशी त्याने गाडी वळवून उभी केली आणि इंजिन बंद केलं. मी उतरले, इराला उचलून बाहेर घेतलं, उजवं मागचं दार सताड उघडलं. तसाच आवाज. समीर वैतागून माझ्याकडे येत होता, आणि मध्येच थबकला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

"हे..." तो म्हणाला. "हे गाडीतून येत नाहीये."

त्याला ऐकू येत होतं! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आणि त्याचं बरोबर होतं. आवाज आता दारातून येत नव्हता. तो पुलाच्या पलीकडून, खालून, पाण्याकडून येत होता.

इराला कडेवर घेऊन आम्ही काठाने धावलो. एके ठिकाणी बोरू आडवे झाले होते. त्यांच्यामागे काळ्या पाण्यात एक छोटी करडी गाडी नाकावर उभी असल्यासारखी बुडालेली, फक्त मागची काच आणि बंपर वर. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसलीच नसती. आम्ही काचेतून आत पाहिलं. पुढे, बेल्टला लटकलेली, हनुवटीपर्यंत पाण्यात... पांढऱ्या केसांची एक बाई.

पुढचं सगळं एकदम घडलं. मी ११२ ला फोन केला आणि काय सांगितलं ते आठवत नाही. इराला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, "हलायचं नाही" म्हटलं. समीरने आमची गाडी तिथवर आणून तिचं तोंड पाण्याकडे केलं आणि तो बूट-जॅकेटसकट पाण्यात उतरला, छातीपर्यंत गेला आणि किंचाळलाच, इतकं ते गार होतं. त्याने विंचचा हुक त्या गाडीच्या मागच्या कडीत अडकवला. मी रिमोट दाबला. दोर ताणला गेला, आमची गाडी घसरली, थांबली, आणि ती करडी गाडी हळूहळू मागे येऊ लागली. एक हात... दोन हात... आतलं पाणी त्या बाईंच्या गळ्याखाली आलं. समीरने चाकाच्या पान्याने मागची काच फोडली, आत शिरला, बेल्ट कापला. त्याने आतून ढकललं, मी साडी खोचून काठावरून ओढलं. त्या किती हलक्या होत्या! ओठ निळे, डोळे उघडे, माझ्याकडेच बघत होत्या. मी माझा कोट त्यांच्यावर घातला आणि त्यांना छातीशी धरून बसले. आग विझवणाऱ्यांची गाडी आली, मग अँब्युलन्स.

ते सगळे गेल्यावर आम्ही दोघं रस्त्यावर उभे होतो. धुकं तसंच. सगळीकडे एवढी शांतता, की इराचं हुंदके देणं बंद काचांमधून ऐकू येत होतं.

टकटक त्या दिवसानंतर कधीही आली नाही.

मी स्वतःला एक हिशोब घालून दिला होता. त्या दिवशी चरातून जे ऐकू आलं ते त्या बाईंनी काच ठोकल्याचं. खरंखुरं ठोकणं, म्हणूनच समीरलाही ऐकू आलं. आधीचे तीन आठवडे? तो योगायोग. शीट्स, थंडी, दमणूक. हिशोब कच्चा होता, पण झोप लागण्यापुरता पुरेसा होता.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचा फोन आला. तिचं नाव मार्लेन, आणि तिच्या आईचं हेनी. आईला भेटायला याल का, तिने विचारलं. हेनीआजी तेव्हा व्यायाम-उपचारांच्या एका केंद्रात होत्या, खिडकीपाशी आरामखुर्चीत. दोन्ही हातांना कोपरापर्यंत प्लास्टर. समीर आणि मी गेलो, मी फुलं नेली होती आणि थोडे तिळाचे लाडू. मार्लेनने एक लाडू मोडून आईला भरवला. आजींनी चावून डोळे मिटले, मान डोलावली.

मी माझ्या मोडक्या डचमध्ये म्हटलं, "तुम्ही काच ठोकत राहिलात ते फार चांगलं केलंत. त्यामुळेच आम्हाला कळलं."

आजी मुलीशी काहीतरी बोलल्या. मला वाटलं, माझं वाक्य चुकलं. मी परत म्हटलं, हाताने ठोकून दाखवलं.

मार्लेन इंग्लिशमध्ये सावकाश बोलली. "आई म्हणते, तिने ठोकलं नाही. ठोकणार कशी? गाडी आपटली तेव्हाच एअरबॅगने दोन्ही मनगटं मोडली. तिला बोटसुद्धा हलवता येत नव्हतं."

समीरने माझा हात घट्ट धरला.

आजी पुन्हा बोलायला लागल्या, या वेळी थेट माझ्याशी, साध्या साध्या शब्दांत, मला समजावं म्हणून. पाणी वर येत होतं. खूप थंडी होती. झोप यायला लागली होती, आणि ती झोप त्यांना हवीहवीशी वाटत होती. पण बाहेरून कुणीतरी काच ठोकत होतं. हळूच, परत परत. डोळा लागायला आला की टकटक. म्हणून त्या जाग्या राहिल्या.

"मला वाटलं, तुम्हीच आहात," त्या म्हणाल्या.

आम्ही काचेला हात लावला तो थेट फोडताना. आणि फोडल्यावर ठोकण्याचा प्रश्नच नव्हता. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण त्या पुढे झुकल्या, प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटांची टोकं माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "तुम्ही खूप वेळ होतात का तिथे?"

"हो," मी म्हटलं. "खूप वेळ."

ते खोटं होतं की खरं, हे मला आजही सांगता येत नाही.