साडभाऊंची शब्दसोयरीक

माणसाला छळण्याचे जेवढे सभ्य प्रकार असतील तेवढे आमच्या साडभाऊंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, एकट्याने वापरून पाहिले आहेत. हत्यार एकच, इंग्रजी. आपल्याकडे कुणी अनोळखी भेटला की गाव कोणतं, मामकूळ कोणतं, अल्लीपूरचे अमुक तुमचे कोण, असं विचारत नातं काढल्याशिवाय कुणालाच चैन पडत नाही. माणसांचं ठीक आहे हो! पण हे गृहस्थ इंग्रजी शब्दांचंही नातं काढतात, आणि समोरच्याकडून वदवून घेतल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. सेलूला त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. तिथे कपाशीवर फवारायचं औषध मागायला आलेला शेतकरी आधी 'पॉयझन'चा भाऊ 'पॉयझनस' तोंडपाठ करतो, मग त्याच्या हातात बाटली पडते. अहो, माझ्या वडिलांच्या तेरवीला, पंगतीत बुंदी वाढत असताना, यांनी माझ्या धाकट्या भावाला धरलं आणि विचारलं, 'डेथ', 'डेड' आणि 'डाय' एकाच घरातले, तर त्यांतलं क्रियापद कोण? माझं डोकंच फिरलं. बायको मध्ये पडली म्हणून, नाहीतर मी त्यांना भरल्या पानावरून उठवलं असतं.

एवढ्यावर थांबावं की नाही? माझी मुलगी सेवाग्रामला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. एक दिवस बॅग घेऊन घरी आली आणि म्हणाली, पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत, डोक्यात काही शिरत नाही, मी आता परत जाणार नाही. मी तिला समजावणार, तोच हे सेलूहून हजर! बायकोने बोलावलं होतं, हे मला मागाहून कळलं. माझ्याच घरी, माझाच चहा पीत ते माझ्याच पोरीला म्हणाले, "पेशंटसंगं कोन आलं, ते इचारतेस ना? शब्दालेही तसंच इचारजो. थो बी एकटा येत नाई." मग आठवडाभर मुक्काम! घरभर 'ब्रीद', 'ब्रेथ', 'ब्रेथलेस' चाललेलं, आणि मी आपला पाहुण्यासारखा कोपऱ्यात. पोरगी परत गेली, पास झाली. आनंदाचा पहिला फोन कुणाला? मावसाजींना! बापाचा नंबर नंतर.

आता तिला दुबईच्या दवाखान्यात नोकरी लागली. मी साडभाऊंना चांगलंच सुनावलं, की तुम्ही लुडबुड केली नसती तर पोरगी इथेच जवळपास राहिली असती. एरवी माझ्या प्रत्येक वाक्यातला शब्द उचलणारा हा माणूस खाली मान घालून ऐकत राहिला. वर्धा स्टेशनवरून तिची गाडी सुटली तेव्हाही ते बाकावर गप्प बसून होते. त्यांचं ते गप्प बसणं मला काही सोसेना. जन्मात पहिल्यांदा मी आपणहून विचारलं, "साडभाऊ, 'अलोन' अन् 'लोनली' सख्खे का चुलत?"

"सख्खेच आहेत," ते म्हणाले. "पण आज नका इचारू, भाऊ. आज माह्या तोंडातून शब्द निंगून नाई राह्यला."

मग मीही त्यांच्या बाजूला टेकलो. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती, तरी आम्हा दोघांनाही उठावंसं वाटत नव्हतं.