तळपायाचा रंग

माझं पहिलं लेकरू पाच दिवसांचं होतं आणि रडत नव्हतं. पिंगळीला माझ्या माहेरी त्याचं कोण कौतुक चाललं होतं. "लय गुणाचं हाय, मायला झोपू देतंय," म्हणत बायका बघून जायच्या. मला काही ते गुण पटेनात. सकाळपासून ते अंगावर पीत नव्हतं, बेंबीभोवती लाल झालं होतं. पाय गार लागतात म्हणून आईनं बाजेखालच्या शेगडीत आणखी गोवऱ्या घातल्या. पोट तापलं, पाय गारच.

मी उठून लुगडं नीट केलं.

"कुठं जायलीस?" आई दारात आडवी आली. "आज पाचवी हाय. सटवी नशीब लिहायला येती लेकराचं."

"दवाखान्यात येऊन लिही म्हणावं तिला," मी म्हटलं आणि भावाला घेऊन दुपारच्या गाडीनं परभणी गाठली. टाके ओढत होते. गाडीत मी बसलेच नाही, बसले असते तर उठता आलं नसतं.

डॉक्टरांनी लेकराचा तळपाय अंगठ्यानं दाबून सोडला. पांढरा ठसा उमटला आणि तसाच राहिला.

"बेंबीतून विष रक्तात गेलंय," ते म्हणाले. "काळीज जीव तोडून पळतंय, पण रक्त पायापर्यंत पोचत नाही. जगेल असं सांगत नाही मी."

सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. मला त्यांनी काम दिलं: थोड्या थोड्या वेळानं तळपाय दाबायचा, रंग परत येईस्तोवर मोजायचं, आकडा वाढला तर हाक मारायची.

तेव्हा आकडा सात होता. भाऊ म्हणाला, तू जरा आडवी हो, मी मोजतो. मी त्याला हात लावू दिला नाही. भीती इतकी होती, की आकडा लहान यावा म्हणून आपण मुद्दाम सावकाश मोजतोय की काय, असा माझाच मला संशय यायचा. मग मी भिंतीवरच्या घड्याळाच्या टकटकीवर मोजू लागले. सात. सहा. पुन्हा सात. दुसऱ्या दिवशी पाच.

तिसऱ्या दिवशी आई आली. खाटेशी उभी राहिली. मी तळपाय दाबून सोडला, तर ठसा लगेच गेला. मला ते खरंच वाटेना.

"माय, आता तू दाब. तूच मोज."

तिनं अंगठ्यानं दाबलं, सोडलं. "एक," म्हणाली, आणि पुढचा आकडा तिला लागलाच नाही.