घमेल्यातले निखारे

आमच्या चौघांत एक जण असा आहे, की पिक्चर लागला की नावं संपायच्या आत हा घोरायला लागतो. कॉलेजपासूनची खोड. तिकीट काढून झोपायचा, गाढव! त्याला उठवायचं आम्ही कधीच सोडून दिल्तं.

एक जानेवारीचा आमचा नेम ठरलेला. सकाळी राजूरच्या गणपतीचं दर्शन, मंग हसनाबादकडं चौघांतल्याच एकाच्या शेतात हुरडा. त्या वर्षी त्यानं शेतात नवी स्लॅबची खोली बांधल्ती, म्हणून मी प्रोजेक्टरही नेला. थंडी अशी, की दुपारीही हात खिशातून निघेनात. गोवऱ्यांच्या आगटीत हुरडा भाजला. दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी. तडस लागेस्तोवर खाल्लं.

पिक्चरला अंधार पाहिजे, म्हणून खिडकीत पोती कोंबली, लोखंडी दार लावलं, खालच्या फटीत सतरंजी सारली. शेतवाल्यानं आगटीतले निखारे घमेल्यात भरून आत आणले.

"अरे, धूर होईल," मी म्हणलं.

"निखाऱ्याला कुठला आला धूर? बिलकुल टेन्शन घेऊ नको."

बराबर होतं त्याचं. धूर झालाच न्हाई. झाला असता तर डोळे चोळत बाहेर तरी पळालो असतो.

झोपाळू बहाद्दर पहिल्या गाण्याच्या आत आडवा. चौथ्यानं त्याच्यावर घोंगडं टाकलं, घमेलं त्याच्याकडं सरकवलं. "झोपू द्या बाळाला." हसलो आम्ही. थोड्या वेळानं माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. मी दह्याला शिव्या घातल्या. चौथा म्हणला, मलाही गरगरायलं. "हावरटासारखं खाता, मंग काय होईल?" शेतवाल्याची जीभ जड झाल्ती. मधेच कधीतरी घोरणं थांबलं. आम्हाला बरंच वाटलं, डायलॉग नीट ऐकू येऊ राह्यले.

तेवढ्यात झोपलेल्याचा मोबाईल वाजला. बायकोचा. हा माणूस गाढ झोपेतही तिचा फोन पहिल्या रिंगला उचलतो, त्यावरून आम्ही त्याला किती छळलं असेल! रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा वाजली. मी त्याला हलवलं, तर मान एकीकडं लोंबली.

मी भिंत धरत दाराकडं सरकलो. कशीबशी कडी सापडली. तिघांनी त्याला ओढत बाहेर तुरीच्या बांधावर आणलं. शेतवाला त्याच्या गालावर चापट्या मारत रडत होता, "ऊठ ना रे, ऊठ ना भावा!" आमची आरडाओरड ऐकून शेजारच्या शेतातला माणूस पळत आला, त्यानंच गाडी जालन्याला पळवली. मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर. फोन वाजतच होता. मी उचलला न्हाई. तिला काय सांगू?

वाचला. डॉक्टर म्हणले, बंद खोलीत निखाऱ्याचा वायू दिसत न्हाई की वास येत न्हाई. अजून जरा वेळ बसला असता तर चौघंही...

औंदा एक जानेवारीला त्याच्याच घरी जमलो. खिडक्या सताड उघड्या. पिक्चर लागला, आणि नावं संपायच्या आत हा झोपला. कुणी हसलं न्हाई. वहिनी भज्यांची ताटली घेऊन दारातच थबकल्या. आम्ही तिघं पडदा सोडून त्याच्या छातीकडं बघत बसलो. हलतीय का?

मंग तो घोरायला लागला.

वहिनींनी ताटली खाली ठेवली, रिमोट घेतला आणि पिक्चरचा आवाज बंद केला.