बुधवारची सुट्टी

सोयराबाई जळायची, आणि ते लपवायचीही नाही. जळायची ती धाकट्या जावेवर. राजलक्ष्मीचा नवरा कारखान्यात. भोंगा वाजला की सुटला. दिवेलागणीच्या आत घरी, हातपाय धुतले की दोघं लालबागेत फिरायला! आणि सोयराबाईचे प्रतापराव चिकपेटेच्या बाजारात साड्यांच्या दुकानी. सकाळी जे जायचे ते मुलं निजल्यावर यायचे. त्यात दिवसभर परक्या बायकांपुढं साडीचा पदर आपल्याच खांद्यावर टाकून, "अक्का, हा रंग तुम्हालाच शोभतो," म्हणायचं. घरी मात्र तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग दुकानांनाही कायदा आला. नोकराला आठवड्यातून एक सुट्टी द्यायलाच हवी, नाही दिली तर मालकाला दंड. प्रतापरावांच्या वाट्याला बुधवार आला. सोयराबाईनं जावेला मुद्दाम ऐकवलं, "आमचेही आता घरी असतात हो."

कुठले असतात? पहिल्याच बुधवारी चहा घेतला आणि टोपी चढवली. "माझ्या जागी कल्लाप्पा बसतो. माझी गिऱ्हाइकं पळवील तो," म्हणाले. म्हणजे पोटदुखी ह्यांनाही होतीच, पण बायकोपायी नव्हे. पुढच्या बुधवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. शेवटी एका बुधवारी ती नेसून-सवरून थेट दुकानीच गेली.

ती पायरी चढते तोच मागून सरकारी इन्स्पेक्टर आला. कल्लाप्पाला बाजूला सारून प्रतापराव साडी उलगडत होते. मालकानं डोळ्यानं खुणावलं, तसे घाईघाईनं गिऱ्हाइकांत येऊन बसले.

"हे कोण?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

प्रतापरावांचा चेहरा पांढराफटक पडला. सोयराबाईला दया आली. काही झालं तरी नवराच तो.

"माझे यजमान," ती कन्नडात म्हणाली. "सुट्टी आहे ना, मला साडी घ्यायला घेऊन आलेत."

बोलताना तिलाच ते इतकं गोड लागलं की डोळे भरून आले. इन्स्पेक्टर मान डोलवून खाली उतरला.

प्रतापराव उठले. तीही पदर सावरून उभी राहिली. पण ते वळले कल्लाप्पाकडं, त्याच्या हातातली साडी काढून घेतली आणि तिच्याकडं न बघताच म्हणाले, "तू हो पुढं. मला स्वल्प उशीर होईल."

"सरी, बरं," म्हणून सोयराबाई पायऱ्या उतरली. इन्स्पेक्टर शेजारच्या दुकानात शिरत होता.

"साहेब," तिनं हाक मारली, "मी खोटं बोलले. ते इथंच कामाला आहेत."