मागं मागं सरकताना

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात कसरती करवून घेणारी बाई होते. सिंदेवाहीकडचा एक माणूस तिथे सतरंजीवर मांडी घालून बसलेला असायचा. मोहाच्या झाडावरून पडून मणका मोडलेला, कमरेखाली जीव नाही. त्याचं नाव आठवणीतून गेलं, बोटं तेवढी डोळ्यांसमोर आहेत.

बसल्या बसल्या तोल सावरता यावा म्हणून मी त्याच्यापुढे भोकांची लाकडी पाटी ठेवायची. भोकांत खुंट्या रोवायच्या. खुंट्यांना तो पऱ्हे म्हणायचा, म्हणजे धानाची रोपं. पलीकडच्या कडेपासून एकेक ओळ अलगद स्वतःकडे आणायचा. डोळे अर्धे मिटलेले. खिडकीतलं ऊन पाटीवर धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यासारखं हलत राहायचं.

“तिकडूनच काऊन, भाऊ?”

“रोवना मांगं मांगं सरकतच करा लागते, बाई. सामोर गेलं तर रोवलेलं तुडवल्या जाते.”

हातांवर अंग उचलून सरकायला मी त्याला रोज सांगायची. तो भ्यायचा. तेवढं जमलं नाही तर जन्म खाटेवर, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एका दुपारी ओळी भरत भरत त्याच्या गुडघ्यांशी आल्या. पुढे जागाच उरली नाही. त्याने दोन्ही मुठी टेकल्या, अंग उचललं आणि वीतभर मागे सरकला. मग चिखलातून काढावेत तसे दोन्ही पाय हातांनी ओढून घेतले.

त्याने मान वर न करताच हात पुढे केला.

“पऱ्हे आना, बाई. बांधी लय बाकी हाय अजून.”