कीबोर्डसाठी शिवलेली पिशवी

माझा भाऊ आखातात नोकरीला गेला आणि पहिल्याच सुट्टीत येताना त्यानं माझ्यासाठी सेलवर चालणारा एक छोटा कीबोर्ड आणला. ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. नाशिकमध्ये आमची गायन पार्टी होती. पार्टी म्हणजे काय, तर माझे यजमान गायला, धाकटे दीर ढोलकीवर आणि मी पेटीवर. ते दोघंही कारखान्यात कामाला, मी शाळेत शिक्षिका. सुट्टीच्या दिवशी आणि जयंतीच्या महिन्यात आम्ही एसटीनं गावोगाव जायचो. पेटी वाहून वाहून दिरांचा खांदा भरून यायचा. कीबोर्ड आला तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला.

पहिल्यांदा तो आम्ही घोटीच्या कार्यक्रमाला नेला, चादरीत गुंडाळून. परत आल्यावर पाहते तर एक पांढरी पट्टी दाबली की वर येईना. दिरांनी घरीच तो उघडला आणि सुईच्या टोकानं आतला कचरा काढला. मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडत बसले, ते आधीच निवडलेले होते तरी. पट्टी सुधारली, पण त्याच दिवशी मी ठरवलं की याला पिशवी हवी. आतून मऊ, बाहेरून दणकट.

अशी पिशवी तयार मिळत नव्हती. मेन रोडवरच्या दुकानांत कीबोर्ड म्हणजे काय हे मला दोन्ही हात पसरून हवेत दाखवावं लागे. एका दुकानदारानं कडक सुटकेस काढली. यजमानांना ती फार आवडली.

"वर कुणी बसलं तरी काही होणार नाही," ते म्हणाले.

"वर कुणी बसणार नाही हो. पण आत तो डब्यातल्या बोरासारखा आपटत राहील त्याचं काय?"

दुसरीकडे विमानाचं चित्र असलेली हातपिशवी मिळाली. कीबोर्ड तिरका ठेवला तरी चेन लागेना. शेवटी आम्ही भद्रकालीत रेक्झिनचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. तो स्कूटरच्या सीटा आणि रिक्षाचे हूड शिवायचा. मी कीबोर्ड बरोबरच नेला होता. त्यानं माप घेतलं आणि आत कापूस भरू की फोम, असं विचारलं. दोन्हीचे तुकडे मी हातात घेऊन दाबून पाहिले. कापूस दाबला की दबूनच राहत होता, फोम परत वर येत होता. फोमच ठरला. मग रंगावरून आमची जुंपली. यजमानांना तांबडं रेक्झिन हवं होतं, म्हणजे लांबून उठून दिसेल. मला हिरवी ताडपत्री हवी होती, कारण ती धुळीत मळत नाही आणि पावसात भिजत नाही.

"पिशवी काय गाणार आहे का उठून दिसायला?" मी म्हटलं. कारागीर मान खाली घालून हसला आणि त्यानं ताडपत्रीवर खडूनं रेघ मारली.

पिशवी छान झाली. खांद्याला रुंद पट्टा, लांब चेन आणि आत चारी बाजूंनी बोटभर फोम. मी आत मूठ घालून बाहेरून बुक्क्या मारून पाहिल्या.

जयंतीच्या महिन्यात घाटापलीकडच्या पेठ गावाचं आमंत्रण आलं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत कार्यक्रम होता. गाडीला ही गर्दी. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, पण शेजारी लेकुरवाळी बाई येऊन बसली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, पिशवी वर ठेवा आता." दिरांनी ती वरच्या फळीवर ठेवली. घाटात गाडी वळणं घेऊ लागली आणि माझा डोळा लागला. पेठला उतरताना दिरांनी हात वर करून हिरवी पिशवी काढली आणि खांद्याला लावली. वजन तेवढंच, लांबी तेवढीच.

कार्यक्रम शाळेच्या ओट्यावर होता. अजून उजेड होता. समोर सतरंज्यांवर बायका आणि मुलं, मागे पुरुष उभे. यजमान माईकवर म्हणाले, "आज तुम्हाला एक नवीन वाद्य ऐकवणार आहोत," आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी पुढ्यात घेतली आणि चेन उघडली.

आत पाय होता.

माणसाचा पाय, गुडघ्याखालचा, गव्हाळ रंगाचा. त्याला कॅनव्हासचा बूट घातलेला होता आणि बुटाची नाडी नीट गाठ मारून बांधलेली होती. माझे हात चेनवरच राहिले. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मुलाचं तोंड पदरात ओढून घेतलं. दिरांचा हात ढोलकीच्या वर तसाच थांबला. माईक चालू होता, त्यामुळे यजमानांचा श्वास सगळ्या मैदानाला ऐकू जात होता. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "पोलिसांना सांगावं लागेल."

किती वेळ गेला कोण जाणे. मग मला चामड्याचे पट्टे दिसले आणि बक्कल दिसलं. मी बोट लावलं. पाय कडक होता.

"खोटा आहे," मी म्हटलं.

यजमानांनी तेच माईकवर सांगितलं. आधी कुजबुज झाली आणि मग लोक हसायला लागले. भीती गेली की माणूस हसतोच, पण मला हसू येईना. पायाच्या वरच्या खोलगट भागात मऊ फडकं घडी घालून ठेवलेलं होतं, घामानं पिवळं पडलेलं. रोज कुणीतरी त्यावर आपला उरलेला पाय टेकवत होतं. तो माणूस आज कुठेतरी बसून राहिला असणार, हे मनात आलं आणि मला दुसऱ्यांदा धक्का बसला. कीबोर्ड कुठे गेला हा विचार त्याच्याही नंतर आला.

शाळेची पेटी आणली गेली. आम्ही कार्यक्रम केला. काय गायलो, काय वाजवलं, मला काही आठवत नाही. पिशवी चेन लावून माझ्या शेजारी ठेवली होती आणि मी तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

सकाळी स्टँडवर कालचाच कंडक्टर भेटला. त्याची गाडी पेठला मुक्कामी होती. पिशवी पाहून तो म्हणाला, "अशीच घेऊन एक पोरगी काल करंजाळीला उतरली. झोपली होती. मी हाक मारली तशी धडपडत उठली."

आम्ही त्याच्याच गाडीनं करंजाळीला उतरलो. शोधायची वेळच आली नाही. ती मुलगी रस्त्याच्या कडेला उभी होती, एकोणीस-वीस वर्षांची, आमची पिशवी छातीशी धरून. माझ्या हातातली पिशवी दिसताच ती पुढे आली आणि चेन उघडून तिनं गुडघ्यापासून टाचेपर्यंत हात फिरवला. मग तिथेच मातीत बसली.

"बाच्या पायाची टाच मोडली होती," ती म्हणाली. "नाशिकला नीट कराया टाकला होता. मी आणाया गेले होते."

मी तिच्याजवळ बसले. "पिशवी कुठं शिवलीस गं?"

"भद्रकालीत. रिक्षाचे हूड शिवतो त्याच्याकडं. टाचंच्या बाजूला दुहेरी फोम घाल म्हणले त्याला."

मी आमच्या दोन्ही पिशव्यांकडे पाहत राहिले. ताडपत्री तीच, पट्टा तोच. मी तिथं उभी राहून कापूस का फोम म्हणून तुकडे दाबत होते, आणि कधीतरी हीसुद्धा तशीच उभी राहिली असणार, बापाच्या पायासाठी.

"तुझ्या वडिलांना काय सांगितलंस?"

"काय नाय. म्हणले, काम अजून व्हायचंय. घरामागं जाऊन चेन उघडली तर आत सगळे पांढरे दात. मला वाटलं, जनावराचा जबडाच हाय. किंचाळणार होते, पण बा ऐकंल म्हणून तोंड दाबलं." तिनं आमची पिशवी माझ्याकडे सरकवली. "मग एक दात चुकून दाबला गेला. तो वाजला."

ती आम्हाला घरी घेऊन गेली. तिचे वडील ओट्यावर बसले होते. पूर्वी ते लाकडाच्या ट्रकवर होते. एकदा ओंडका घसरून पायावर पडला, एवढंच त्यांनी नंतर सांगितलं. मुलीनं खाली मान घालून सगळी हकिकत सांगितली. आता ते तिला रागावतील असं मला वाटलं. त्यांनी पिशवीतून पाय काढून मांडीवर घेतला.

"म्हंजे माझा पाय पेठला जाऊन आला," ते म्हणाले. "मी नाय गेलो कवाचा."

कुणीच हसलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, "लोकांनी बघितला?"

"हो."

"हसले?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. खोटं सांगावंसं फार वाटलं, पण त्या माणसाची नजर माझ्यावरून हलेना. "आधी घाबरले," मी म्हटलं. "मग हसले."

"हसू द्या. घाबरण्यापरीस बरं."

ते आमच्याकडे पाठ करून बसले. मुलीनं फडकं नीट लावलं आणि बक्कल ओढलं. भिंतीचा आधार घेऊन ते उठले, अंगणातल्या आंब्यापर्यंत गेले आणि परत आले. टाचेवर भार देऊन त्यांनी दोनदा पाहिलं. मुलगी श्वास रोखून बघत होती.

"आता तुमचं ते दातवालं काढा," ते म्हणाले.

मी कीबोर्ड काढला. पट्ट्या सगळ्या नीट होत्या. पहिले सूर चुकलेच. यजमान गायला लागले, दिरांनी ढोलकी घेतली आणि अंगणाबाहेर शेजारपाजारची माणसं जमली. मुलीनं बाज पुढे सरकवली, पण ते बसले नाहीत. दोन गाणी झाली, तिसरं झालं, तरी ते उभेच.

"बसा ना," मी म्हटलं.

"नको. लय दिवसांनी उभं राहून ऐकतोय."

आम्हाला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. मुलीनं ओढणीची किनार फाडून त्यांच्या पिशवीच्या पट्ट्याला गाठ मारली होती, ओळखायला. गाडी आली. आम्ही चढलो आणि मागच्या काचेतून पाहिलं, तर ते दोघं वळून घराकडे चालू लागले होते. ती जरा मागे राहून त्यांच्या टाचेकडे बघत चालली होती.

त्यानंतर पुष्कळ कार्यक्रम झाले. नामपूरला गेलो, आणखी कुठे कुठे गेलो. लोकांसमोर चेन उघडायची म्हटलं की माझ्या हाताला घाम सुटायचा. मग मी आधीच आडोशाला जाऊन चेन थोडी उघडायचे, आत हात घालायचे आणि पट्ट्यांवरून बोटं फिरवायचे. यजमान बाहेरून हळूच विचारायचे, "आहे ना गं?"

"आहे," मी म्हणायचे, आणि तरी पुन्हा एकदा हात घालून बघायचे.